मुलाआधी त्याचं घर

१९८०च्या दशकात युगांडाच्या राकाई जिल्ह्यात तरुण माणसं खंगून मरू लागली. लोक त्या आजाराला ‘स्लिम’ म्हणत; तो एड्स होता. घरात उरली म्हातारी माणसं आणि मुलं. मदतीला धावलेल्यांना आधी सुचला तो अनाथाश्रम, आणि त्यात वावगं काही नव्हतं. फादर अँजेलो डागोस्टिनो यांनी १९९२मध्ये केनियातल्या नैरोबीत ‘न्युम्बानी’ हा आश्रम सुरू केला, तेव्हा एचआयव्ही असलेल्या टाकून दिलेल्या मुलांना कोणी दारात उभं करत नव्हतं. पण २००३पर्यंत सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत एड्समुळे आई किंवा बाप गमावलेली मुलं सुमारे १ कोटी २० लाख झाली. एवढे आश्रम बांधणार कोण? शिवाय आश्रमात गेलेलं मूल भावंडांपासून तुटतं, बापाच्या जमिनीपासूनही. ती जमीन मधल्या काळात काका-मामांनी बळकावली, तर मोठं होऊन त्यानं परतायचं कुठे?

खरा भार पहिल्यापासून आज्यांनीच उचलला होता. पोटची मुलं पुरून आल्या, की दुसऱ्या दिवशी नातवंडांच्या पोटाची सोय बघायला लागत. धोरण ठरवणाऱ्यांना त्या फार उशिरा दिसल्या, याचा मला अजून राग येतो. २००६मध्ये स्टीफन लुईस फाउंडेशननं कॅनडातल्या आज्यांना आफ्रिकेतल्या आज्यांच्या पाठीशी उभं केलं. त्याच सुमारास न्युम्बानीनं केनियातल्याच किटुईत एक गावच वसवलं, जिथे मुलं आज्या-आजोबांसोबत घर करून राहतात. आश्रम चालवणाऱ्या संस्थेलाच हे सुचावं, यात बरंच काही आलं.

शाळेचा प्रश्न मात्र मायेनं सुटत नाही, त्याला पैसा लागतो. युगांडानं १९९७मध्ये आणि केनियानं २००३मध्ये प्राथमिक शाळेची फी माफ केली. फी गेली तरी गणवेश उरला. पश्चिम केनियात संशोधकांनी सहावीतल्या मुलांना फुकट गणवेश दिले, तर शाळा सोडण्याचं प्रमाण घटलं आणि मुलींची लवकर होणारी लग्नं व बाळंतपणंही कमी झाली. एका गणवेशावर मुलीचं अख्खं आयुष्य अडलेलं असू शकतं.

तरीही ‘एड्सची अनाथ मुलं’ असा शिक्का मारून मदत वाटली, की शेजारचं तितकंच उपाशी मूल वगळलं जातं आणि शिक्का बसलेलं मूल वर्गात एकटं पडतं. म्हणून केनियानं २००४पासून मुलं सांभाळणाऱ्या गरीब घरांच्या हाती थेट रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. पैसा कशावर खर्चायचा हे त्या घरानं ठरवायचं. मला हा या साऱ्या प्रवासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

याच काळात युगांडातल्या एचआयव्हीग्रस्त आया मुलांसाठी ‘आठवणींच्या वह्या’ लिहीत होत्या. तू कुठे जन्मलास, कोणत्या कुळाचा, तुझे नातेवाईक कोण, लहानपणी तुला काय आवडायचं. कुणी फोटो चिकटवायचं. आपल्यामागे मुलाला आपलं घराणं तरी कळावं, एवढाच हेतू.

पण या आया मरायलाच हव्यात, हे कोणी ठरवलं होतं? एन्कोसी जॉन्सन या दक्षिण आफ्रिकेतल्या मुलाला १९९७मध्ये एचआयव्हीमुळे शाळाप्रवेशासाठी झगडावं लागलं. त्याच वर्षी त्याची आई गेली. २०००मध्ये, अकरा वर्षांचा असताना, डर्बनच्या जागतिक एड्स परिषदेत तो मागत होता ते गरोदर बायांसाठी औषध, आणि आया-बाळांची ताटातूट थांबवणं. पुढच्या वर्षी १ जूनला तो गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या ‘सिप्ला’नं तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला होता. तोवर त्या उपचाराला दहा हजार डॉलरांहून अधिक लागत. किंमत कोसळली, पुढे परदेशी मदत आली आणि लाखो आईबाप जगले. शाळेची फी भरायला, गृहपाठ घे म्हणायला घरात माणूस उरला.

जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत अचानक गोठवली, तेव्हा कित्येक ठिकाणची एचआयव्ही केंद्रं बंद पडली. पहिल्या खेपेला मुलं सांभाळलेल्या आज्यांपैकी कित्येक आता हयात नाहीत. औषधं पुन्हा तुटली, तर या खेपेच्या मुलांना घ्यायला दारात कोण उभं राहणार, याचं उत्तर मदत थांबवणाऱ्यांनी द्यायला हवं.