बंकर, आग आणि हवा

१९४३ च्या नोव्हेंबरात अमेरिकी मरीन सैनिक प्रशांत महासागरातल्या तारावा प्रवाळद्वीपावर उतरले. त्याआधी युद्धनौकांच्या तोफांनी आणि विमानांनी तिथले बेटिओ हे बेट अक्षरशः नांगरून काढले होते. बेट तेव्हा दीड चौरस किलोमीटरचेही नव्हते, त्यामुळे एवढ्या माऱ्यानंतर तिथे कुणी उरले नसेल असा अनेकांचा समज होता. पण माडाचे ओंडके, प्रवाळाची वाळू आणि काँक्रीट यांनी बांधलेले जपानी बंकर बहुतांशी शाबूत होते आणि पुढच्या तीन दिवसांत सुमारे एक हजार अमेरिकी मारले गेले. वाळूने झाकलेला एक मोठा बंकर पडला तो अलेक्झांडर बॉनीमन या मरीन अधिकाऱ्याची तुकडी त्याच्या माथ्यावर चढून गेली तेव्हा. स्फोटके आणि फ्लेमथ्रोअर या पेटते इंधन फेकणाऱ्या शस्त्राची आग आत शिरताच तिथली माणसे बाहेर पळाली आणि बाहेर गोळ्यांना बळी पडली. भिंत मात्र जागच्या जागी उभी होती. आधुनिक फ्लेमथ्रोअरचा सगळा इतिहास मला या एका गोष्टीभोवती फिरताना दिसतो. त्याने तटबंदी कधी फोडली नाही, तटबंदीचा बंदिस्तपणाच आतल्या माणसावर उलटवला.

बंकर बांधणारा तोफगोळा आणि त्याच्या किरचा यांचा हिशोब करतो. जाड भिंत, वर मातीचा थर, समोर अरुंद झरोका. पण गोळी झाडायची तर झरोका हवाच आणि श्वास घ्यायचा तर हवेला वाट हवी. या दोन गरजा कुठल्याही काँक्रीटने बुजवता येत नाहीत. घट्ट केलेले पेटते इंधन झरोक्यातून आत गेले की भिंतींवर आपटून कोपऱ्यापलीकडे उडते, चिकटते आणि जळत राहते. कोंडलेल्या जागेतला प्राणवायू झपाट्याने संपतो, कार्बन मोनॉक्साइड साचतो, उष्णता बाहेर जात नाही. ज्वाळेच्या वाटेत नसलेला माणूसही त्यातून सुटत नाही. गोळ्यापासून वाचवणारा कोपरा इथे वाचवत नाही.

ही समज यायला फार काळ लागला. इसवी सनापूर्वी ४२४ मध्ये डेलियमच्या लढाईत बिओशियाच्या सैन्याने पोकळ तुळई, भाता आणि निखारे-गंधक-डांबराची कढई जोडून लाकडी तट जाळल्याचे थ्युसिडिडीसने नोंदवले आहे. तिथे आगीचे लक्ष्य भिंतच होती, कारण भिंत जळणारी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड फिडलर या जर्मन संशोधकाने आधुनिक फ्लेमथ्रोअर तयार केला. त्याचे युद्धतंत्र बसवले ते बर्नहार्ड रेडेमान यांनी, आणि ते मूळचे अग्निशमन दलाचे अधिकारी होते. ३० जुलै १९१५ रोजी बेल्जियममधल्या हूग इथे ब्रिटिशांविरुद्ध तो वापरला गेला तेव्हा भरवसा भीतीवर होता. पहिल्या धक्क्यात भीतीने काम केले. पण खंदक वरून उघडा असतो. धग आकाशात निघून जाते, माणूस पळू शकतो आणि इंधनाची टाकी पाठीवर घेतलेला सैनिक सर्वांच्या नेमाचा धनी होतो. १९१६ मध्ये व्हर्दूनजवळच्या व्हो किल्ल्यात हे शस्त्र खऱ्या अर्थाने बंद भुयारांच्या तोंडाशी आले. तो किल्ला शेवटी पडला तो मुख्यतः पाणी संपल्यामुळे, तरी आगीची जागा कुठे आहे हे तिथे दिसू लागले होते. उरलेली अडचण पातळ इंधनाची होती. त्यातले बरेचसे हवेतच जळून जाई. १९४२ मध्ये हार्वर्डच्या लुई फीझर यांच्या चमूने नेपाम हे घट्ट, चिकट इंधन बनवले आणि ती अडचण संपली.

बंकरपुढे साधी पायदळाची हिंमत किती तोकडी पडते, हे भारतीय सैनिकांनी १९४३ च्या सुरुवातीला ब्रह्मदेशातल्या अराकानमधल्या डोनबाइक इथे भोगले. ओंडके आणि मातीच्या जपानी बंकरांवर १४ व्या भारतीय डिव्हिजनचे हल्ल्यामागून हल्ले फुटले. तोफा आणि मोजके व्हॅलेंटाइन रणगाडेही उपयोगी पडले नाहीत. दोन वर्षांनी जपानच्या इवो जिमा बेटावर, २३ फेब्रुवारी १९४५ रोजी, हर्शल विल्यम्स या मरीनने चार तासांत एकामागून एक बंकर फ्लेमथ्रोअरने शांत केले. त्याला आडोसा देणाऱ्या चार रायफलधाऱ्यांपैकी दोघे मारले गेले. सुमारे तीस किलोंचे ओझे, काही सेकंदांची ज्वाळा आणि जेमतेम तीस-चाळीस मीटरचा पल्ला, असे हे शस्त्र एकट्याने कधीच चालले नाही.

यावर आक्षेप येतो की बंकर खरे तर स्फोटकांनी संपवले, आग केवळ पूरक होती. यात तथ्य आहे. ओकिनावा बेटावर अमेरिकी जनरल बकनर यांनी आग आणि स्फोटके यांची जोडीच वापरली. पण क्रम लक्षात घ्यावा. स्फोटके घेऊन झरोक्यापर्यंत पोहोचायचे तर आतला माणूस आधी झरोक्यापासून हटला पाहिजे, आणि त्याला हटवणारी आगच होती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या शस्त्राने हल्लेखोरांचे जीव वाचवले आणि शरणागतीही घडवली, असे म्हणतात. युरोपात चर्चिल क्रोकोडाइल या आग फेकणाऱ्या ब्रिटिश रणगाड्याचा पहिला फवारा दिसताच काही जर्मन तुकड्या बाहेर आल्या, हे खरे. पण ज्याला शरण जाण्याची मुभा होती त्याच्यासाठीच ती दया ठरली. इवो जिमावरच्या सुमारे एकवीस हजार जपान्यांपैकी हजाराच्या आसपासच जिवंत हाती लागले. बाहेर येणे ज्याला सैन्याने, संस्काराने किंवा अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने निषिद्ध केले होते, त्याच्यापुढे गुदमरणे किंवा जळणे एवढेच उरले. हल्लेखोराचा वाचलेला जीव मला मोलाचा वाटतो; तरी त्यामुळे आतल्या मरणाची क्रूरता कमी होत नाही.

अमेरिकेने १९७८ मध्ये फ्लेमथ्रोअर सेवेतून काढला. मात्र जवळ न जाता तेच काम करणारी अस्त्रे येत राहिली. सोव्हिएत ‘श्मेल’ खांद्यावरून डागले जाते आणि बंद जागेतच सर्वाधिक घातक ठरते. काही पारंपरिक शस्त्रांवरील १९८० च्या आंतरराष्ट्रीय करारातला तिसरा प्रोटोकॉल आग लावणाऱ्या शस्त्रांपासून नागरिकांना संरक्षण देतो, पण बंकरमधल्या सैनिकाबद्दल तो गप्प आहे. भारत या कराराचा सदस्य आहे. डोनबाइकचा अनुभव ज्याच्या सैन्याच्या गाठीशी आहे, अशा देशाने बंदिस्त जागेतल्या सैनिकाचा प्रश्न त्या कराराच्या चर्चेत मांडावा.