वांटा कोणाचा?

ऑस्ट्रेलियांतील बिल मॉलिसन व डेव्हिड होमग्रेन यांनीं १९७८ सालीं ‘पर्माकल्चर’ हा विचार ग्रंथरूपानें मांडला. अरण्य आपलें पोषण आपणच करतें. मग मनुष्यानें आपली बागही त्याच धर्तीवर कां रचूं नये, हा त्याचा गाभा. उंच झाडाखालीं ठेंगणें झाड, त्याखालीं झुडूप, जमिनीलगत भाजी. पावसाचें पाणी मुरावें म्हणून समपातळीवर खोदलेले चर. पालापाचोळा जाळावयाचा नाहीं, तर मातीवर अंथरावयाचा. कोंकणांतील वाडी किंवा गोमंतकांतील कुळागर ज्यानें पाहिलें आहे त्यास यांत फारसें नवल वाटणार नाहीं. नारळी-पोफळींच्या सांवलींत जायफळ व केळ, आणि पोफळीवर चढलेली मिरवेल, ही रचना तेथें पूर्वापार आहे.

परंतु येथें नीतीचा एक प्रश्न उद्भवतो. गांडुळानें माती भुसभुशीत करावी, मधमाशीनें फळ धरवावें, शेंगा येणाऱ्या झाडांच्या मुळांवरील सूक्ष्म जंतूंनीं हवेंतील नत्र जमिनींत आणावा, आणि पीक मात्र आम्हीं उचलावें. ही सृष्टीशीं मैत्री, कीं अधिक कुशल असा स्वार्थ? नांगरास जुंपण्यापूर्वीं बैलाला गोंजारणारा प्रत्येक जण भूतदयेनेंच गोंजारतो असें नाहीं.

यांत स्वार्थ आहे, हें मान्य केलें पाहिजे. ज्यास खावयाचें आहे त्यानें निःस्वार्थतेचा आव आणूं नये. पण स्वार्थ आणि अपहार यांत अंतर आहे, आणि पीक हातीं आल्यावर मनुष्य कसा वागतो यावरून तें कळतें. म्हणूनच भूमीची व माणसांची जपणूक या दोन तत्त्वांच्या जोडीला या विचारानें तिसरें तत्त्व ठेवलें आहे. आपल्या गरजांस मर्यादा घालावी व उरेल तें वांटून द्यावें. पहिलीं दोन सर्वांस रुचतात; अडचण तिसऱ्याची आहे. बाग जितकी साधेल तितका मोह वाढतो. मिरीचा भाव चढला कीं बाकीचें सारें काढून मिरीच लावावी, अशी बुद्धि होते.

बीपासून वाढविलेलें जायफळाचें झाड नर कीं मादी, हें फुलें आल्याविना कळत नाहीं. आणि त्याला सहा-सात वर्षें लागतात. साठीच्या माणसानें तें लावावें कां? केवळ व्याजाचा हिशेब करणारा ‘नाहीं’ म्हणेल. परंतु ज्या फणसाचे गरे आपण आज खातों, तोही कोणीं तरी हा हिशेब बाजूस ठेवूनच लावलेला असतो. त्या अनामिकाचें ऋण त्याला परत करतां येत नाहीं. तें पुढच्यांस फेडावें लागतें. ज्या बागेंत ही जाणीव जागी आहे, तेथें मालकानें आपला वांटा निःसंकोच घ्यावा.