कर्जदार मालक व त्याचे बिऱ्हाडकरू

आधार : मत्तय १८ : २३ ते ३५



ह्या दृष्टांतावर उपदेश होतो तेव्हां बहुधा असें सांगण्यांत येतें कीं, पहिल्या चाकराचें देणें डोंगराएवढें होतें आणि दुसऱ्याचें राईएवढें. पहिली गोष्ट खरी आहे. दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालंत म्हणजे सुमारें सहा हजार दीनार. तेव्हां दहा हजार तालंत फेडावयास मजुराचे कितीहि जन्म पुरणार नाहींत. परंतु शंभर दीनार ही फुंकून टाकण्याजोगी रक्कम नव्हे. ती शंभर दिवसांची मजुरी होय. आपल्या शहापूर-मुरबाडाकडे लावणीला रोजानें जाणाऱ्या कोणत्याहि बाईस विचारा कीं, तुझी शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर काय होईल? ती तुम्हांस नीट सांगेल. म्हणून जो घरमालक म्हणतो, "माझें थकलेलें भाडें ही लहान गोष्ट नाहीं," तो खोटें बोलत नाहीं, आणि प्रभूनेंहि तें देणें खोटें होतें असें कोठें म्हटलेलें नाहीं.

सापगांव शहापुराहून मुरबाडाकडे जाणाऱ्या वाटेवर, भातसेच्या कांठीं आहे. आसनगांवचें स्टेशन फार दूर नाहीं, तिकडे कारखाने आहेत, मुंबईची गाडी धरणाऱ्यांची सोय आहे. म्हणून शहापुराभोवतालच्या गांवीं ज्याच्या हातीं चार पैसे आले त्यानें घरामागें सहा खोल्यांची चाळ बांधावी असें सहज होतें. चार पैसे म्हणतों खरे, पण त्यांतले तीन बँकेचे असतात. गहाणखत होतें, महिन्याचा हप्ता ठरतो, आणि हिशेब असा मांडिला जातो कीं, चार बिऱ्हाडांचें भाडें हप्त्यास जाईल व दोन बिऱ्हाडांचें घरांत राहील. कागदावर हा हिशेब नेहमीं जुळतो. मग एक बिऱ्हाडकरू काम सुटलें म्हणून थकतो, दुसरा दारूपायीं थकतो, तिसरा "उद्यां देतों" म्हणतां म्हणतां एके रात्रीं विजेचें बिल मागें ठेवून टेंपोंत सामान भरून निघून जातो. हप्त्याची तारीख मात्र कोणासाठीं थांबत नाहीं.

ह्या मालकाचें भय काल्पनिक नाहीं. नव्वद दिवस हप्ता थकला म्हणजे बँक तें खातें बुडिताच्या वर्गांत घालते. मग २००२ च्या कायद्याप्रमाणें साठ दिवसांची नोटीस येते, आणि त्या मुदतींत भरणा झाला नाहीं तर तारणाचा ताबा घेण्याचा अधिकार बँकेस पोहोंचतो. त्यासाठीं तिला अगोदर दिवाणी दावा लावावा लागत नाहीं. शेतजमिनीच्या तारणास हा कायदा लागू नाहीं, पण बिनशेती करून घेतलेल्या जागेवरच्या चाळीस तो लागू पडतो. म्हणजे ज्याला गांव "मालक" म्हणतें तो पांच महिन्यांत बेघरपणाच्या उंबरठ्यावर येऊं शकतो. हें बिऱ्हाडकरूंनींहि जाणावें. प्रत्येक मालक शेठ नसतो. कोठें ती एक विधवा असते, आणि नवऱ्याच्या फंडाचे पैसे त्या भिंतींत गेलेले असतात.

आतां अशा मालकानें हा दृष्टांत ऐकिला म्हणजे त्याच्या मनांत एक आक्षेप उठतो, आणि तो रास्त आहे. तो म्हणतो, "त्या चाकराला राजानें सर्व सोडिलें होतें. मला बँकेनें काय सोडिलें? मला कोणी माफ करीत नाहीं, तर मीं कोठून माफ करावें?" ह्या आक्षेपाला बगल देऊन क्षमेवर गोड बोलणें हें उपदेशकास शोभत नाहीं. जो आपलें भाडें सोडील त्याची चाळ लिलांवांत जाईल, हें त्याला ठाऊक आहे, आणि आपल्यालाहि ठाऊक असावें.

पण वचन पुन्हां वाचा. पहिल्या चाकरानें राजाच्या पायां पडून काय मागितलें? माफी मागितली नाहीं. मुदत मागितली : मला सांभाळून घ्या, मी सर्व फेडीन. आणि दुसऱ्या चाकरानें त्याच्या पायां पडून काय मागितलें? तेंच; जवळजवळ त्याच शब्दांनीं. राजापुढून बाहेर पडून त्याला थोडा वेळहि झाला नव्हता, आणि स्वतःचेच शब्द दुसऱ्याच्या तोंडीं त्याला ओळखतां आले नाहींत. त्यानें आपले पैसे मागितले हा त्याचा अपराध म्हणून सांगितलेला नाहीं. त्यानें गळा धरिला, आणि मुदत मागणाऱ्याला बंदींत घातलें, हा अपराध. बंदींत बसलेला मनुष्य मजुरी कशी करणार व देणें कसें फेडणार, एवढा साधा विचारहि रागापुढें राहिला नाहीं.

राजानें तर मागणाऱ्याच्या मागण्याहून पुष्कळ अधिक दिलें, तें देवाचें देणें आहे, आणि त्याविषयीं आपण दर रविवारीं बोलतों. पण मुदत ही वस्तु ह्या जगांतल्या सावकारांकडूनहि कधीं कधीं मिळते, आणि ती मिळाल्याचा स्मरणदिवस कोणी पाळीत नाहीं. २०२० सालीं महामारींत सर्व कामधंदा बंद झाला, तेव्हां रिझर्व बँकेनें १ मार्चपासून प्रथम तीन महिने व मागाहून ३१ ऑगस्टपर्यंत हप्ते पुढें ढकलण्याची परवानगी दिली. व्याज चालूच राहिलें. पण त्या काळच्या व्याजावर व्याज आकारूं नये असा निकाल पुढें मार्च २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिला. त्याच २०२० च्या १७ एप्रिल रोजीं महाराष्ट्र सरकारच्या गृहनिर्माण खात्यानें घरमालकांस सूचना केली कीं, निदान तीन महिने भाडेवसुली पुढें ढकलावी, व भाडें थकलें म्हणून कोणास घराबाहेर काढूं नये. दोन्ही ठिकाणीं मुदतच होती, माफी नव्हती. एकच मनुष्य वरून मुदत घेणारा व खालीं मुदत देणारा ठरला. त्या वैशाखांत आपल्याच तालुक्यांतून, कसाऱ्याच्या घाटानें, डोक्यावर गांठोडें व खांद्यावर मूल घेऊन लोकांच्या रांगा नाशिककडे चालत गेल्या हें आपण पाहिलें आहे. त्यांत कोणी भाडें भरून निघाले होते, कोणी न भरतां. किती मालकांनीं हप्त्याची सवलत घेतली आणि त्याच महिन्यांत खोलीला कुलूप घातलें, हें देव जाणे. मी कोणाचें नांव घेत नाहीं.

आणखी एक गोष्ट ह्या भागांतल्या मालकानें विसरूं नये. इस्राएलास देवानें पुन्हां पुन्हां बजाविलें कीं, तूं मिसरांत दास होतास ह्याचें स्मरण ठेव (अनुवाद १५ : १५). आपलें मिसर फार लांब नाहीं. ठाणें जिल्ह्यांत भाताचा खंड खळ्यावरून मालकाच्या घरीं जात असे, आणि वेठ त्याहून निराळी. १९४५ सालीं तलासरी व डहाणूकडच्या वारल्यांनीं वेठीस नकार दिला, तेव्हां तिचें खरें रूप सर्वांस कळलें. पुढें १९४८ चा कुळकायदा झाला, आणि त्याच्या दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ रोजीं कसणाऱ्या कुळास जमिनीचा खरेदीदार मानण्यांत आलें. किंमत सरकारी आकाराच्या वीस ते दोनशें पट ह्या मर्यादेंत ठरे, आणि ती हप्त्यांनीं भरावयाची मुभा होती. हप्त्यांनीं, हें लक्षांत घ्या. ज्या जमिनीच्या तुकड्यावर आज नातवाची चाळ उभी आहे ती कित्येक घरीं अशाच मुदतीनें आली आहे. आजा कूळ होता. त्याच्या दारीं येऊन दरडावणारा कारभारी कसा उभा राही हें आजीनें सांगितलेलें असेल. तसाच पवित्रा घेऊन नातू खोलीच्या दारांत उभा राहिला, तर आजीला तो आवाज ओळखूं येईल.

आतां बिऱ्हाडकरूंस. गरिबाच्या वादांत केवळ गरीब म्हणून त्याचा पक्ष घेऊं नये असें निर्गम २३ : ३ सांगतो, आणि उसनें घेऊन न फेडणाऱ्यास स्तोत्र ३७ : २१ दुष्टांत गणितें. ज्याच्या घरीं नवा मोबाइल येतो, शनिवारीं बाटली येते, आणि एक तारखेस मात्र आजारपण येतें, त्यानें "आम्ही गरीब" हा शब्द तोंडीं घेऊं नये. त्यानें खऱ्या गरिबाची पत बुडते. ज्याला खरोखर अडचण आहे त्यानें तारखेच्या आधीं मालकाकडे जावें, नंतर नव्हे, आणि जमेल तें थोडें तरी हातावर ठेवावें. शंभर देणाऱ्याजवळ दहा असतात. ते दहा पुढें केले म्हणजे मालकासहि बँकेत सांगावयास कांहीं राहतें.

मालकानें काय करावें? अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायांत जणूं चाळीच्या ओटीवर उभें राहून लिहावे तसे नियम आहेत. जात्याची तळी गहाण घेऊं नये, कारण तें मनुष्याचें पोट आहे. तारण घ्यावयाचें तर ऋणकोच्या घरांत शिरूं नये. बाहेर उभें राहावें, आणि त्यानें आणून द्यावें तें घ्यावें. गरिबाचें पांघरूण सूर्यास्ताच्या आधीं परत करावें. आज जात्याच्या जागीं गॅसची शेगडी आहे, शिवणाचें यंत्र आहे, रिक्षाची किल्ली आहे. त्यांना हात लावूं नये. पाणी तोडणें, वीज तोडणें, नवरा कामावर गेला असतां बायकोपुढें खोलींत शिरणें, हें सर्व "गळा धरणें" ह्या सदरांत पडतें. शहरांसाठीं केलेल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानेंहि मालकास पाणी व वीज तोडण्याची बंदी केली आहे. गांवच्या ख्रिस्ती मंडळीनें शहराहून खालीं राहूं नये.

आणि बँकेपासून लपूं नये. ही खोड आपल्याकडे फार आहे. बँकेचा लखोटा न उघडतां देवळीत ठेवावयाचा, आणि त्या लखोट्याचा राग बिऱ्हाडकरूवर काढावयाचा. पहिला हप्ता चुकतांच मालकानें स्वतः जावें, भाड्याची वही दाखवावी, आणि मुदत वाढवून हप्ता लहान करून मागावा. बँक देईलच असें नाहीं. पण नव्वद दिवसांच्या आंत मागणाऱ्याचें ऐकण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो. २ राजे ४ मधील त्या विधवेनें सावकाराला शाप दिला नाहीं, नवें कर्जहि काढलें नाहीं. अलीशानें तिला विचारलें कीं, घरांत काय आहे? तेल निघालें तें विकून तिनें अगोदर देणें फेडावें व उरलेल्यावर मुलांसह निर्वाह करावा, असा क्रम त्यानें लावून दिला. दोन खोल्या विकून चार वांचत असतील, तर गांव काय म्हणेल ह्यासाठीं सहाहि घालवूं नयेत.

उपदेशकांस एक विनंति. ज्या अध्यायांत हा दृष्टांत आहे त्याच अध्यायांत, थोडें वर, भांडण मिटविण्याची रीत दिली आहे : अगोदर एकट्यानें एकट्याकडे जावें, न ऐकल्यास एक-दोघांस बरोबर न्यावें, मग मंडळीस कळवावें. आपल्याकडे नेमकें उलट होतें. आधीं सर्व गांवास कळतें, आणि ज्याचें त्यास शेवटीं. मालक व बिऱ्हाडकरू दोघेहि मंडळींतले असोत वा एकच असो, तुम्ही दोघांना समोरासमोर बसवा. करार लिहून घ्यावयास लावा. भाडें किती, तारीख कोणती, अनामत किती, थकल्यास मुदत किती. प्रत्येक भरण्याची पावती द्यावयास लावा. मात्र वसुलीचे कारभारी होऊं नका. ज्याच्या हातांत रविवारीं पवित्र शास्त्र असतें त्याच्या हातांत सोमवारीं थकबाकीची यादी दिसली, तर त्या खोल्यांतलें कोणी पुढच्या रविवारीं येणार नाहीं.

इतकें करूनहि कांहीं बिऱ्हाडकरू देत नाहींत व जातहि नाहींत. त्यांस कायद्याच्या वाटेनें बाहेर काढण्यांत पाप नाहीं. द्राक्षमळ्याच्या धन्यानेंहि चाकरांमागून चाकर पाठविले, आणि शेवटीं मळा दुसऱ्यांस दिला. परंतु हुकूम हातीं असला तरी आषाढाच्या पावसांत, रात्रीच्या वेळीं, लेंकरांसह कोणाचें बिऱ्हाड रस्त्यावर ठेवूं नये. दिवसा, दोन साक्षीदारांसमक्ष, भांडीं व अंथरूण त्याचें त्यास मोजून द्यावें. राहिलेली रक्कम वहींत तशीच ठेवावी कीं तिच्यावर रेघ मारावी, हें मालकानें त्या रात्रीं बायकोमुलांसह प्रार्थनेस बसून ठरवावें, आणि ठरवितांना बँकेकडे स्वतः केलेला अर्ज वहीशेजारीं ठेवावा.