चार डोळ्यांचा कुत्रा

पारशी माणूस गेला की त्याच्या देहापाशी कुत्रा आणतात आणि त्याची नजर मृताच्या चेहऱ्यावर पडू देतात. या विधीला सगदीद म्हणतात. प्राण जाताच नसु नावाची अशुद्ध शक्ती देहाचा ताबा घेते आणि कुत्र्याच्या नजरेपुढे ती टिकत नाही, अशी यामागची श्रद्धा आहे. हा कुत्रा कसा असावा हे पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातील वंदिदाद या ग्रंथाच्या आठव्या फर्गर्दात, म्हणजे अध्यायात, सांगितले आहे. तो पिवळा आणि चार डोळ्यांचा असावा, नाहीतर पांढरा आणि पिवळ्या कानांचा. ज्या वाटेने प्रेत नेले त्या वाटेवरून त्याला तीनदा चालवायचे. तो नाखुशीने चालला तर सहादा, तरीही नाखूश असला तर नऊदा. मग नसु माशीचे रूप घेऊन उत्तरेकडे पळते. कुत्र्याची मर्जी मोजणारे असे विधिवाक्य कोणत्याही धर्मग्रंथात क्वचितच सापडेल.

रंग, कान आणि डोळे यांवरून कुत्रा निवडण्याचा हा नियम लंडनमध्ये केनेल क्लब निघण्याच्या कितीतरी शतके आधीचा आहे. आजच्या भाषेत त्याला ‘ब्रीड स्टँडर्ड’, म्हणजे श्वानजातीचे मानक, म्हणता येईल का, हा प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. पण त्याच्या पोटात दुसरा आणि जड प्रश्न आहे. अंगावरच्या लक्षणामुळे प्राण्याला नेमके काय मिळते? एखादे काम मिळते, मान मिळतो, की जगण्याचा आणि पोटभर खाण्याचा हक्कच मिळतो?

चार डोळे म्हणजे दोन खरे डोळे आणि त्यांच्यावर भुवयांच्या जागी असलेले दोन ठिपके, असा अर्थ परंपरेने लावला आहे. असे कुत्रे आजही गल्लोगल्ली दिसतात. कुत्र्याच्या केसांत रंगद्रव्ये दोनच असतात. एक काळे-तपकिरी, दुसरे पिवळे-तांबूस. कोणत्या भागात कोणते उमटावे हे ठरवणाऱ्या अगूटी जनुकाचे एक रूप असे आहे, की ते आई आणि बाप दोघांकडून आले तर पाठ काळी राहते आणि भुवया, गाल, छाती, पाय व शेपटीखालची जागा पिवळसर होते. डोबरमन आणि रॉटवायलर यांच्या मानकांत डोळ्यांवरचे हे ठिपके आवश्यक मानले आहेत. वंदिदादच्या वर्णनात मात्र एक पेच राहतो. सबंध पिवळ्या कुत्र्यावर पिवळा ठिपका दिसणार कसा? ठिपका गडद किंवा पांढुरका असेल तरच तो डोळ्यांत भरेल. म्हणजे ग्रंथातला कुत्रा आणि दारात उभा असलेला कुत्रा यांचा मेळ घालण्याचे काम प्रत्येक वेळी कोणातरी मोबेदाला, म्हणजे पारशी धर्मगुरूला, स्वतःच्या डोळ्यांनी करावे लागत असणार.

हेच लक्षण भारतीय वैदिक परंपरेतही आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौदाव्या सूक्तात यमाचे दोन कुत्रे येतात. ते सरमा या देवांच्या कुत्रीचे पुत्र, चार डोळ्यांचे, अंगावर ठिपके-पट्टे असलेले, मृतांच्या वाटेचे राखणदार. वंदिदादमध्येही चिन्वत पुलावर, म्हणजे आत्म्याला ओलांडाव्या लागणाऱ्या पुलावर, कुत्रेच राखण करतात आणि ज्याने कुत्रा मारला त्याच्या मदतीला ते येत नाहीत. इराणी आणि वैदिक लोकांच्या समाईक भूतकाळातून ही कल्पना आली, हे मानायला मोठी उडी लागत नाही. पण पुढे वाटा फुटल्या. शतपथ ब्राह्मणातील अश्वमेधाच्या वर्णनात चार डोळ्यांचा कुत्रा पुन्हा भेटतो. तिथे त्याला मारून पाण्यात घोड्याच्या पायांखालून सोडतात. म्हणजे इराणात ज्या ठिपक्यांमुळे कुत्रा पवित्र कामाला लागला, त्याच ठिपक्यांनी इथे त्याचा जीव घेतला. लक्षण तेच राहून फळ इतके उलटे होत असेल, तर कुत्र्याचे मोल त्या लक्षणात साठवलेले आहे असे म्हणणे कठीण जाते. ठिपके फक्त निवड करतात. निवड कशासाठी, हे ठिपक्यांच्या बाहेर ठरते.

सगदीदच्या बाबतीत हे परंपरेनेही ओळखले होते. जेम्स दार्मस्तेतेर याने १८८० साली वंदिदादचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यात तो टीप देतो, की व्यवहारात रंगाचा इतका आग्रह धरत नाहीत. मेंढपाळाचा कुत्रा, घरचा कुत्रा, भटका कुत्रा, इतकेच काय पण कोवळा कुत्राही चालतो. जीवनजी जमशेदजी मोदी यांनी पारशी विधींवरच्या आपल्या १९२२ सालच्या ग्रंथात सगदीदची निरनिराळी कारणे नोंदवली आहेत. माणूस खरोखर गेला की नाही याची खात्री कुत्र्याकडून होत असावी, हे त्यांतले एक. ते खरे असेल तर ठिपक्यांना काहीच काम उरत नाही, कारण खात्री नाकाने होते. बुद्धिवादी स्पष्टीकरणांची ही खोडच असते. विधी वाचवताना ती त्याचे निम्मे तपशील निकामी करून टाकतात.

वंदिदादची खरी श्रीमंती रंगाच्या नियमात नाही, ती तेराव्या आणि पंधराव्या फर्गर्दांत आहे. कुत्र्याला वाईट अन्न देणे हा तिथे गुन्हा आहे. मेंढपाळाच्या कुत्र्याला निकृष्ट खाणे घालणे म्हणजे पहिल्या प्रतीच्या घराच्या धन्याला तसे वाढणे. घरच्या कुत्र्याला घालणे म्हणजे मध्यम प्रतीच्या गृहस्थाला वाढणे. भटक्या कुत्र्याला घालणे म्हणजे धर्मगुरू म्हणून दारी आलेल्या सत्पुरुषाला वाढणे. शिक्षा फटक्यांची, यांतल्या पहिल्या गुन्ह्याला २०० आणि पुढे उतरत्या क्रमाने. कारणही दिले आहे, आणि ते सहज विसरता येत नाही. शुभ शक्तीने घडवलेल्या सगळ्या प्राण्यांत कुत्राच सर्वांत लवकर म्हातारा होतो, कारण तो जेवणाऱ्यांच्या शेजारी उपाशी बसतो आणि ज्यातले त्याला काही मिळणार नाही अशा मालाची राखण करतो. म्हणून त्याला दूध, चरबी आणि मांस द्यावे. आजारी कुत्र्यावर श्रद्धाळू माणसावर करावेत तसेच उपचार करावेत. फार कडक हाड किंवा फार गरम अन्न देऊन त्याच्या घशाला इजा केली तर ते घोर पाप. गाभण कुत्री ज्याच्या घराजवळ येऊन पडली, त्याने तिला सांभाळायचे. पिल्ले आजूबाजूच्या चौदा घरांना फेरी मारण्याइतकी धावू लागेपर्यंत ती जबाबदारी सुटत नाही. पिल्लांना सहा महिने पोसावे, मुलांना सात वर्षे, असेही तिथे एका दमात सांगून टाकले आहे.

या सगळ्यात केसांचा रंग एकदाही आडवा येत नाही. गाभण कुत्री चार डोळ्यांची आहे का, असे कोणी विचारत नाही. ती कोणाच्या दाराशी आहे, एवढेच विचारले जाते. तरीही वंदिदादला समतेचा ग्रंथ ठरवण्याची घाई करू नये. शिक्षेची उतरंड कामावर बेतलेली आहे. कळप राखणारा वर, भटका त्याच्या खाली, पिल्लू सर्वांत खाली. म्हणजे या एकाच ग्रंथात तीन वेगवेगळ्या कसोट्या नांदतात. विधीच्या कामाला लक्षण पाहावे, मानाला काम पाहावे आणि सांभाळायला गरज व जवळीक पाहावी. त्या एकमेकींत मिसळल्या नाहीत, हे त्या रचनेचे शहाणपण.

आधुनिक मानकांत त्या मिसळल्या. १८५९ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. पहिले संघटित श्वानप्रदर्शन म्हणून ते ओळखले जाते. डार्विनचा जातींच्या उगमावरचा ग्रंथ त्याच वर्षीचा. एकीकडे जातींच्या सीमा वाहत्या असतात असे सांगितले जात होते, दुसरीकडे त्या सीमा इंचांत आणि रंगांत पक्क्या करण्याचा छंद सुरू होत होता. १८७३ साली केनेल क्लब निघाला, नोंदवह्या उघडल्या आणि कोणत्या कुत्र्याची वीण चालवायची हे पंचांच्या पसंतीवर अवलंबून राहू लागले.

रंगालाच जातीचे लक्षण मानण्यातली तार्किक चूक न्यायशास्त्राने फार पूर्वी नेमकी दाखवली आहे. लक्षणाचे तीन दोष असतात: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावरील दीपिकेत अव्याप्तीचे जे उदाहरण येते ते रंगाचेच आहे. कपिल वर्ण हे गाईचे लक्षण केले, तर पांढरी गाय गाय उरत नाही. बॉक्सर कुत्र्यांची गोष्ट हेच उदाहरण जिवंत करते. अंगावर बरेच पांढरे असलेल्या दोन बॉक्सरांच्या पोटी काही पिल्ले जवळजवळ पूर्ण पांढरी निपजतात. आईबाप बॉक्सर, रक्त बॉक्सरचे, फक्त रंग मानकाबाहेरचा. अशी पिल्ले जन्मताच मारून टाकण्याची पद्धत बराच काळ चालली. ऱ्होडेशियन रिजबॅकच्या पाठीवर केसांची उलटी रेघ नसली तर त्या पिल्लांच्या वाट्यालाही हेच येई. तिथला विरोधाभास तर क्रूर आहे. ती रेघ ज्या जनुकीय बदलातून येते, तोच बदल कातडीखालून खोलवर जाणारी डर्मॉइड सायनस ही जन्मजात व्याधी होण्याचा धोका वाढवतो. म्हणजे मारली जाणारी पिल्लेच त्या बाबतीत अधिक निरोगी होती.

श्वानपालकांचे यावर उत्तर असते, की मानक ही व्याख्या नसून आदर्श आहे. कुत्रा कोणत्या जातीचा हे आईबापांवरून ठरते, मानकावरून फक्त तो किती सरस हे ठरते. हे उत्तर पोकळ नाही. सरसपणाची इच्छा कुंभारालाही असते आणि गवयालाही. शिवाय रंगाचा प्रत्येक नियम नुसता नखरा नसतो, हे डाल्मेशियनवरून दिसते. या जातीत बहिरेपणा मोठ्या प्रमाणावर आहे. अमेरिकेतल्या पाहण्यांत सुमारे ३० टक्के कुत्रे निदान एका कानाने बहिरे आढळले. आतल्या कानातील रंगपेशी नसल्या की ऐकू येण्याची यंत्रणा पिल्लू काही आठवड्यांचे असतानाच मरते. निळे डोळे हे त्याच रंगपेशींच्या अभावाचे चिन्ह. ब्रिटिश मानकाने निळे डोळे दोष ठरवले, अमेरिकी मानकाने ते चालवून घेतले. इथे ब्रिटिश नियम कुत्र्याच्या बाजूने उभा आहे. पण जन्मतःच असलेला मोठा सलग काळा डाग दोन्हीकडे दोष मानला गेला, आणि असा डाग असलेली पिल्ले बहिरी असण्याची शक्यता कमी असते. एकाच मानकातला एक नियम कान वाचवतो आणि दुसरा घालवतो. दोन्ही लिहिणाऱ्यांच्या मनात कान नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे ठिपके होते.

मर्ल या कबऱ्या, धुरकट रंगाचे प्रकरण याहून सरळ आहे. त्याच्या जनुकाची एक प्रत आली तर सुंदर अंग आणि बरेचदा निळा डोळा. दोन मर्ल कुत्र्यांची जोडी लावली तर सरासरी चारांतील एका पिल्लाला दोन प्रती मिळतात, आणि अशी पिल्ले पांढरट, अनेकदा बहिरी, कधी खुरट्या किंवा आंधळ्या डोळ्यांची होतात. इथे वाद घालण्यासारखे काही उरत नाही. अशी जोडी लावू नये.

आदर्श म्हणून मानक चालेल; अडचण त्याच्या परिणामांची आहे. गवयाचा सूर चुकला तर गाणे पडते, कोणाचा जीव जात नाही. मानकाच्या आदर्शाला मात्र जिवंत पिल्लू उणे पडते. तेव्हा प्रश्न उरतो तो त्या उणेपणाची किंमत कोणी मोजायची, हा. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत कुत्रा जातो. इंद्र म्हणतो, कुत्रेवाल्याला इथे जागा नाही. युधिष्ठिराचे म्हणणे एवढेच, की भक्ताचा त्याग करता येत नाही. त्या कुत्र्याचा रंग, कान किंवा डोळे यांवर वाद होत नाही. तो शेवटपर्यंत सोबत आला, हा एकच मुद्दा आहे. वंदिदादमध्ये दाराशी आलेली कुत्री आणि इथे वाटेवर सोबत आलेला कुत्रा, दोघांचाही हक्क नात्यातून उभा राहतो.

या विचाराची कसोटी पुढे मुंबईत लागली. कंपनी सरकारच्या नियमानुसार वर्षातल्या ठरावीक काळात भटकी कुत्री मारली जात. १८३२ साली ही मुदत वाढवली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले. बक्षिसाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही उचलली जातात, अशी तक्रार होती. जून महिन्यात फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले, दुकाने बंद झाली, लष्कराची रसद अडली, आणि हिंदू, जैन व मुसलमानही त्यांना येऊन मिळाले. फौज बोलावून दंगा मोडला, धरपकड झाली. जमशेदजी जीजीभॉय यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली. १८३४ साली त्यांच्याच पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ, म्हणजे निराधार जनावरांचे आश्रयस्थान, निघाली. सगदीदचे कुत्रे आजही मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागी, पाळले जातात. भुलेश्वरच्या पांजरापोळीत मात्र जनावर घेताना कोणी त्याच्या भुवयांवरचे ठिपके मोजले नाहीत.