सहा वर्षांखालील बालक आणि राज्याचे ऋण

छत्रपती शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर (कोल्हापूर) संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. पिढ्यान् पिढ्या ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांच्या मुलांसाठी पालकावर टाकलेला हा भार न्याय्यच होता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तो भार शासनावर नेला, परंतु सहाव्या वर्षापासून पुढे. संविधानाच्या मूळ 45 व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतची सर्वच मुले होती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला मूलभूत हक्क दिला आणि त्याखालील बालकांच्या वाट्याला मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे न्यायालयातून बजावून घेता न येणारे आश्वासन, तेवढे उरले.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एका स्तरात गुंफली, हे स्वागतार्ह आहे. तथापि धोरणाने हक्क निर्माण होत नाही, आणि पहिलीचा अभ्यास चौथ्या वर्षापर्यंत खाली उतरण्याचे भय त्यातून संपत नाही. येथे खरा तात्त्विक प्रश्न उभा राहतो: बाल्य हे साधन, म्हणजे पुढच्या कर्तबगारीची तयारी, की साध्य, म्हणजे स्वतःच मोलाचे जगणे? नीतिकारांनी पहिली पाच वर्षे लालनाची, म्हणजे प्रेमाने जोपासण्याची, मानली. आणि बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर, मुले शाळेत येत नाहीत म्हणून, शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तेथे बालकावर कसलीही सक्ती नव्हती. जबाबदारी सारी मोठ्यांची होती. सहा वर्षांखालील हक्काचे योग्य रूप हेच होय: राज्यावर बंधन पूर्ण, बालकावर मुळीच नाही.

असे बंधन मान्य केले, तर ज्यांच्या हातून ते पाळले जाते त्यांच्याकडे वळावे लागते. करवीर तालुक्यातील असो वा शाहूवाडीतील, अंगणवाडी सेविका बालकाला वजनकाट्यावर उभे करते, आहाराची नोंद ठेवते, गाणी-गोष्टी घेते आणि गरोदर मातांच्या घरी जाते. तरीही तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे सेवासमाप्तीनंतरच्या एकरकमी रकमेचा, हक्क मान्य केला, परंतु नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा त्यांना अद्याप मिळालेला नाही.