मेथीच्या जुडीची मंजुरी

वडीलधाऱ्या माणसाला फोन शिकवताना आपण त्याला मदत करतो की हळूच त्याच्या जागी जाऊन बसतो? हा प्रश्न मला आत्यामुळे पडला. ती संगमेश्वरची, निवृत्त शिक्षिका, स्वतःची पेन्शन असलेली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने आमच्याकडे पुण्यात राहायला आली. डॉक्टरांनी सांगितलं चाला, आणि आम्ही घरात दिवसातून दहा वेळा म्हणायचो, "आत्या, तू बस गं."

तिला यूपीआय हवं होतं. भाजीवालीकडे सुट्टे नसतात आणि दर वेळी माझ्या बायकोला खाली बोलवायचा तिला संकोच वाटायचा. बंगळुरूहून तिच्या मुलाचा, दादाचा, फोन आला. "नको देऊस. कुणीतरी फसवेल." भीती खोटी नव्हे. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये निवृत्तांची पुंजी गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मग त्याने 'यूपीआय सर्कल' सुचवलं. २०२४ मध्ये आलेली ही सोय: खातं एकाचं, पैसे देणारा दुसरा. एका प्रकारात महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत मोकळीक, दुसऱ्यात प्रत्येक व्यवहाराला खातेदाराची मंजुरी. दादाला दुसरा हवा होता. म्हणजे आत्याने पुण्यात मेथीची जुडी घ्यायची आणि त्याने बंगळुरूत मीटिंगमध्ये बसून ती मंजूर करायची. तीही तिच्या पेन्शनमधून नाही, त्याच्या खात्यातून.

जॉन स्टुअर्ट मिलच्या 'ऑन लिबर्टी'त (१८५९) एका पुलाचं उदाहरण आहे. कुणी मोडक्या पुलावर पाय ठेवतोय आणि सांगायला वेळच नाही, तर त्याला धरून मागे खेचा. पण पूल पडेलच अशी खात्री नसेल, नुसता धोका असेल, तर सावध करा; जायचं की नाही हे तो ठरवेल. दादा आत्याला मागे खेचत होता, सांगायला दोन महिने हाताशी असताना.

अर्थात मिलचा पूल जागचा हलत नाही. फसवणुकीची तऱ्हा दर महिन्याला बदलते. त्यामुळे 'सावध केलं, माझं काम संपलं' असं मला म्हणवत नाही. मी तिला तीन गोष्टी सांगितल्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, आणि फसलो असं वाटलं तर लगेच १९३०. तिने त्या डायरीत लिहून घेतल्या आणि म्हणाली, "पेन्शनचं खातं नको जोडूस. दुसरं काढू, त्यात ५,००० ठेवू. गेले तर गेले."

दादा म्हणाला, "मग फरक काय? मर्यादा मीही घालतच होतो." हिशेबात फारसा फरक नाहीच. पण ही मर्यादा तिने स्वतःच्या पैशाला घातली होती, आणि उद्या वाढवायची तर तिला कुणाला विचारावं लागणार नव्हतं. पिन टाकताना ती मला तोंड फिरवायला सांगते. मी फिरवतो.

एक प्रश्न मात्र उरतोच. उद्या तिलाच काही आठवेनासं झालं तर? तेव्हा तरी हात धरावाच लागेल, पण ती वेळ आली हे कोण ठरवणार? एका संध्याकाळी धीर करून मी तिलाच विचारलं.

"तू नाही," ती कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली. "तुला लवकर भीती वाटेल. आणि दादाला तर आत्ताच वाटतेय. संगमेश्वरला माझी शाळेतली मैत्रीण आहे, ती तोंडावर सांगेल. तिचं मी ऐकेन. तिचा नंबर लिहून घे."

मी घेतला. दादाला अजून सांगितलेलं नाही.