पावतीपुरते सभासद



चाळीसगाव हे जंक्शनचे गाव. आपल्यापैकी कुणी रेल्वेत आहे, कुणी एसटीत, कुणी शाळेत किंवा बँकेत. बहुतेकांच्या घरी कुठल्या ना कुठल्या युनियनच्या वर्गणीची पावती सापडेल. आज आम्ही एक साधा प्रश्न मांडतो. पावती फाडली की सभासदाचे कर्तव्य संपते का? आणि संघटनेने आपल्या नावाने चुकीचे पाऊल टाकले, तर घरी बसलेला सभासद त्यातून मोकळा सुटतो का?

महाराष्ट्रात कामगार चळवळीचा पाया नारायण मेघाजी लोखंडे यांनी घातला. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तिच्याकडे सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लेखी नियमही नव्हते. पण २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार आले, दोन स्त्री कामगार तेथे बोलल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज चित्र उलटे आहे. यादी आहे, निधी आहे, छापील नियम आहेत; सभेला माणसे मात्र नाहीत.

याची किंमत काय पडते, हे आपण एसटीच्या संपात पाहिले. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी संघटनांच्या कृती समितीने सरकारशी बोलणी करून आंदोलन मागे घेतले. महागाई भत्ता वाढला. पण सामान्य चालक-वाहकाला हवे होते महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण. आगारांतले कामगार हटले नाहीत. नोव्हेंबरमध्ये राज्यातली सुमारे अडीचशे आगारे जवळजवळ सगळी बंद पडली. डिसेंबरात आणखी एका संघटनेने संप मागे घेतल्याचे जाहीर केले, तेही कुणी मानले नाही. शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर येण्यास सांगितले, तेव्हा संप मिटला. विलीनीकरण झाले नाही. मधल्या काळात पगार बुडाले, निलंबने आणि बडतर्फी झाली, काही कामगारांनी जीव दिला. खेड्यांतल्या मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना अडला.

दोष कुणाचा? सभासदांना न विचारता तडजोड करणाऱ्या पुढाऱ्यांचा, असे चटकन म्हणता येईल. ते खरे आहे, पण अर्धेच. वर्षानुवर्षे सभेकडे पाठ फिरवणाऱ्या सभासदाने आपल्या वाटचा निर्णय दुसऱ्याच्या हाती आधीच दिलेला असतो. शिवाय पुढाऱ्याला झुगारणे म्हणजेही लोकशाही नव्हे. मंडपात घोषणा चालू असताना ‘उद्यापासून कामावर जाऊ या’ असे म्हणण्याची हिंमत किती जणांना होते? तडजोडीवर सर्व कामगारांचे गुप्त मतदान पुढाऱ्यांनी घेतले नाही, आंदोलकांनीही घेतले नाही. एकीकडे चार जणांनी ठरवले, दुसरीकडे गर्दीने. एकेका माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीला कुणीच विचारले नाही.

रॉबर्ट मिशेल्स या विचारवंताने १९११ साली लिहिले की संघटना मोठी झाली की सत्ता मूठभरांच्या हाती जातेच. त्याचे निरीक्षण खोटे नाही. पण ती अटळ नियती आहे, हे आम्हाला मान्य नाही. सत्ता मूठभरांकडे जाते, कारण बाकीचे ती सोडून देतात. आणि जे सोडले ते परत हाती घेता येते.

कायदा थोडी मदत करतो. रेल्वेत २००७ पासून मान्यताप्राप्त युनियन गुप्त मतदानाने ठरते. पण २०१३ नंतरचे पुढचे मतदान व्हायला डिसेंबर २०२४ उजाडले. एकदा मत दिले आणि अकरा वर्षे झोपी गेलो, तर त्या मताचा उपयोग किती?

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या परिपत्रकात कामगारांचा संघटना करण्याचा हक्क निःसंदिग्धपणे मांडला. पुढे १९३१ साली पोप अकरावे पायस यांनी सांगितले की लहान गटाला जे स्वतः करता येते, ते मोठ्या संस्थेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. हा नियम युनियनलाही लागू आहे. आगाराचा, डेपोचा, शाळेचा प्रश्न तिथल्याच सभासदांनी बोलून सोडवावा. प्रत्येक गोष्टीसाठी मुंबईकडे पाहू नये.

मग काय करावे? सभा पाळी सुटण्याच्या वेळी घ्यावी, म्हणजे माणसे येतील. वर्षाचा हिशेब वाचून दाखवावा. करारावर सही होण्यापूर्वी मसुदा सभासदांपुढे ठेवावा. संप सुरू करताना आणि मागे घेताना, दोन्ही वेळा गुप्त मतदान घ्यावे. स्त्रिया आणि कंत्राटी कामगार यांना बोलायला जागा द्यावी. आणि प्रश्न विचारणाऱ्याला ‘फितूर’ म्हणू नये, कारण तोच संघटनेला जागे ठेवतो.

बंधुभगिनींनो, पुढारी चांगला मिळावा अशी अपेक्षा सगळेच करतात. पण पुढारी चांगला राहावा यासाठी समोर विचारणारे सभासद लागतात. आपल्या युनियनची पुढची सभा कधी आहे, एवढे तरी या आठवड्यात विचारा. आणि त्या दिवशी जा.